आधी खोली, मग कविता

बेघराला अन्न द्यावे, रात्रीपुरता आसरा द्यावा, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. त्याला लिहायचे-गायचेही असेल, हे फार उशिरा ध्यानात आले. १९०५ साली घर सोडलेल्या गाडगे महाराजांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः त्यांत मुक्काम केला नाही. पण त्यांनी घर आपणहून सोडले होते. संतपरंपरेमुळे फिरस्तीला इथे मान होता तो वैराग्याच्या. पोटासाठी गाव सुटलेल्याच्या वाट्याला तो आला नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तर उपजीविकेचे साधन न दिसणारा, रस्त्यावर भटकणारा माणूसही पकडता येऊ लागला.

बेघराला अन्न आणि आसरा पुरे, या समजुतीला पहिला धक्का कामगार चळवळीने दिला. अण्णाभाऊ साठे यांचे कुटुंब वाटेगावहून मुंबईला पायी आले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना कम्युनिस्ट पक्ष भेटला, श्रोते भेटले, आणि वस्तीला छळणाऱ्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. घर म्हणावे तर घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडीच होती. पण पथक होते, तालीम होती, ऐकायला गर्दी होती.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण सर्वांत जास्त दिले जाते आणि तितकेच चुकीचे वाचले जाते. तान्हेपणी ते गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना रस्त्यावर सापडले. पोरगा चौथी झाला, गंगाराम निवृत्त होऊन कोकणात निघाले, जाताना त्याच्या हाती दहा रुपये ठेवले, आणि पोरगा पुन्हा फुटपाथवर आला. पुढे हॉटेलातला पोऱ्या, घरगडी, गिरणी कामगार. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाच्या नावावरून फुटपाथनेच कवी घडवला असे बोलले जाऊ लागले. कालक्रम तसे सांगत नाही. आधी महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी लागली, मग सातवीची परीक्षा देऊन ते शिक्षक झाले, संसार उभा राहिला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आले १९६२ साली, पस्तिशी गाठल्यावर. फुटपाथने अनुभव दिला, पण तो कागदावर उतरायला पगाराची ठरलेली तारीख लागली. बेघरपणाचे कौतुक हा घरात बसून वाचणाऱ्यांचा शौक आहे.

नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेले बाबुराव बागूल लहानपणी त्याच लेबर कॅम्पात आले. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला गेले, तर जात सांगितली की भाड्याची खोली मिळेना. नोकरी आहे, भाडे भरायची ऐपत आहे, तरी दार बंद. १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाच्या शीर्षककथेमागे हाच अनुभव आहे. गरिबीपलीकडचे बेघरपण मराठी कथेत आले ते असे. पुढे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कैकाड्यांचे, पिढ्यान्‌पिढ्या पत्ताच नसलेले जगणे मांडले.

साहित्याने मांडलेले कायद्यात यायला वेळ लागला. १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. फुटपाथवासीयांना हटवायला मात्र मनाई केली नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी बेघरांना मदत देण्याचा रूढ क्रम उलटा केला. आधी व्यसन सोड, उपचार घे, मग घर, ही अट काढून घर आधी आणि बाकी सारे नंतर. सुर्वे यांच्या चरित्रातून दिसते तेही हेच. भारतात २०११ च्या जनगणनेने सुमारे १७.७ लाख बेघर मोजले. रस्त्याकडेला, उड्डाणपुलाखाली, सिमेंटच्या ह्यूम पाइपात झोपणारे लोक या मोजणीत धरले होते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा, असे प्रमाण ठरवले. म्हणजे खाटेची सोय झाली. खाटेवरून उठल्यावर माणसाने काय करावे, याचा विचार अजून जुजबीच आहे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ही उणीव लख्ख दिसते. शेजारी सिडकोने सहा योजनांत घरे बांधली आणि अनेक कामगार घरमालक झाले. पण कंत्राटावर आलेल्याचे काम सुटले की पगार आणि खोली पाठोपाठ जातात. कामगार कल्याण मंडळ कामगारांसाठी नाट्यस्पर्धा घेते, साहित्य संमेलने भरवते. मात्र ज्याच्या पगारातून जून आणि डिसेंबरमध्ये मंडळाची वर्गणी कापली जाते, त्याच्यासाठी. सकाळी नाक्यावर रोजगाराची वाट पाहणाऱ्याच्या हाती पगारपत्रकच नसते. नाटक त्याला येत असले तरी रंगमंचापर्यंत पोहोचण्याची वाट नाही. ती वाट काढायची तर निवाऱ्यातल्या नोंदीलाच मंडळाच्या उपक्रमांसाठी ओळख मानावे आणि संध्याकाळी तिथली एक खोली वाचायला-लिहायला उघडी ठेवावी.

बागूल २००८ साली नाशिकमध्येच वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ देते, आणि तो नवोदित कथाकाराच्या पहिल्याच पुस्तकासाठी असतो. त्या पहिल्या पुस्तकाआधी मात्र अशी एक खोली हवी.