उतारा आणि आकार

साखर कारखान्याची इंग्रजी कागदपत्रे मराठीत आणायला बसलेल्या माणसापुढे ‘रिकव्हरी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी वेगळा होऊन येतो. शंभर किलो ऊस गाळल्यावर किती किलो साखर हाती लागली, ही एक रिकव्हरी. तोडणी-वाहतुकीच्या मुकादमांना दिलेल्या उचलीपैकी किती रक्कम परत आली, ही दुसरी. आजारी कामगाराच्या रजेच्या कागदावर डॉक्टर लिहितात ती तिसरी. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात यांपैकी एकाही अर्थासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. पहिला उतारा, दुसरी वसुली. तिसऱ्याला तर नामाचीही गरज पडत नाही, माणूस बरा होतो एवढे क्रियापद पुरते. इंग्रजी वाचकाला संदर्भावरून जे ओळखावे लागते, ते मराठीत शब्दच सांगतो. अनेकार्थी इंग्रजी शब्द भाषांतरात नेहमी अडचण म्हणून मांडला जातो. ती अडचण शब्दाच्या अनेक अर्थांतून येत नाही, असे माझे म्हणणे आहे. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा या हट्टातून ती येते. भाषांतर करायचे ते शब्दाचे नव्हे, त्या शब्दाने त्या-त्या धंद्यात चालवलेल्या कामाचे.

‘क्रशिंग’ घ्या. कोशात पाहून चुरा करणे, चिरडणे असे अर्थ लावले तर ऊस-हंगामाचे हसू होईल. कारखान्यात होते ते गाळप. इंग्रजी शब्दाची नजर उसाला दाबणाऱ्या रुळांवर आहे, मराठी शब्दाची नजर गळून येणाऱ्या रसावर. खाणीवर हाच इंग्रजी शब्द आला की मराठी खडी फोडते. ‘चार्ज’ची कथा याहून बोधक आहे. आरोपीवर दोषारोप ठेवतात, अधिकारी पदभार घेतो, पोलीस लाठीमार करतात आणि महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार अशा ओळी छापलेल्या असतात. हा ‘आकार’ वीज कंपनीने घडवलेला नाही. सातबाऱ्यावर क्षेत्राबरोबर जमिनीचा आकार लिहिलेला असतो. महसुलाच्या दप्तरात आकारणी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. सरकारने जमिनीवर जे बसवले त्याचे नाव विजेवर जे बसते त्याला मिळाले. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटर आहे त्याला दोन्ही कागद वाचता येतात, ते त्यामुळेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे: ‘रिकव्हरी’चे अर्थ वेगळे काढताना ज्या ‘उतारा’ शब्दाचा आधार घेतला, तो स्वतःच किती अर्थांचा आहे? सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा, पुस्तकातला उतारा, ओवाळून टाकलेला उतारा, पिकाचा एकरी उतारा. ‘आकार’ म्हणजे घडणही. मग इंग्रजीचा गोंधळ काढून मराठीचा आणला, एवढेच झाले. पण या शब्दावर किती नेमके काम चालते ते पाहावे. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढवून दिले. म्हणजे दशांशभर उताऱ्यावर टनामागे ३३ रुपये २० पैसे ठरतात. उतारा कमी दाखवला अशी तक्रार करणारा शेतकरी आणि उत्तर देणारा कारखान्याचा केमिस्ट यांच्यात रकमेचा वाद होतो, शब्दाच्या अर्थाचा होत नाही. तलाठ्याचा उतारा तिथे कोणाच्या मनातही येत नाही. गणितात ‘पॉवर’ला घात म्हणतात, घाताचा रोजचा अर्थ किती भयानक आहे, पण पाचचा तिसरा घात काढताना एकाही मुलाला तो आडवा येत नाही. वेगवेगळ्या क्षेत्रांत पसरलेली अनेकार्थता कोणतीही भाषा सहज पेलते.

एकाच क्षेत्रात दोन अर्थ शेजारी बसले तर मात्र आक्षेप खरा ठरतो, आणि तिथे लोकवापराचा कौल पुरत नाही. विद्युतशास्त्रातल्या ‘चार्ज’ला भार म्हणण्याची पद्धत मराठीत होती. पण त्याच शास्त्रात ‘लोड’ही भारच आहे, भारनियमन हा शब्द तर घरोघरी पोचलेला. ज्या पानावर तारेतला भार आणि कणावरचा भार दोन्ही येतात, त्या पानावर विद्यार्थी अडखळणारच. शालेय पुस्तकांनी ‘चार्ज’साठी ‘प्रभार’ घेतला, तो म्हणूनच योग्य. इथे संस्कृताचा एक उपसर्ग जे करून गेला ते बाजारातला कोणताही शब्द करू शकला नसता.

वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले तेव्हा हे सगळे प्रश्न एकदम अंगावर आले असणार. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, पण परिभाषासंग्रह त्याआधी, १९७३ मध्ये निघाला. शब्द ठरल्याशिवाय नोंद लिहिता येत नाही, हे त्या क्रमातच दिसते. त्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. ऊर्जा, मूलद्रव्य यांसारख्या शब्दांशिवाय मराठीत विज्ञान लिहिणे आज अशक्य आहे. तरी काही निवडी पटत नाहीत. ‘फोर्स’साठी विश्वकोशाने ‘प्रेरणा’ वापरला. शाळेने ‘बल’ घेतला. प्रेरणा मनाची असते, ढकलगाडीला लागते ते बल. ‘पोटेन्शियल’ला विश्वकोशात वर्चस्, शाळेत विभव. साताऱ्याच्या मुलाने पाठ्यपुस्तक मिटून तीस-पस्तीस किलोमीटरवर सिद्ध झालेला कोश उघडावा आणि तेच शास्त्र त्याला परके वाटावे, ही हानी लहान नाही.

दुसरा आक्षेप परिभाषाकारांचा, साधिततेचा आहे. प्रभारवरून प्रभारित होतो, ऊर्जावरून ऊर्जित होतो. उताऱ्यावरून काय होणार? शिवाय १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राच्या शब्दावली आयोगापासून, संस्कृत शब्द सर्व भारतीय भाषांना समान राहतील ही अपेक्षा आहेच. मूलभूत शास्त्रांसाठी हे मी मान्य करतो. पण जिथे धंदा आधीपासून मराठीत चालतो तिथे साधित रूपांची भूक फार नसते. गाळप, गाळपक्षमता, गाळप हंगाम, गाळप परवाना: समास करून मराठीने आपले कुटुंब वाढवले आहे. प्रत्ययच लागतात असे नाही.

आणखी एक मत सरळच विचारते: रिकव्हरी, चार्ज, सेल हे शब्द लोक बोलतातच, मग तेच का ठेवू नयेत? ठेवावेत, जिथे रुळले तिथे. पण त्याने अनेकार्थता संपेल हा भ्रम आहे. देवनागरीत ‘सेल’ लिहिला की तो बॅटरीतला घट आहे, दुकानातली सवलत आहे की पक्षाचा विभाग आहे, हे कळत नाही. इंग्रजीत निदान ‘सवलती’चे स्पेलिंग वेगळे आहे. पेशी, कोठडी, घट, कक्ष अशी चार माणसे आपल्या घरात असताना एका सेलला चौघांची कामे सांगायची कशाला? हे लहान भाषेलाही जमते: आइसलँडची लोकसंख्या सुमारे चार लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या सांगली जिल्ह्याची २८ लाखांवर होती. त्या चिमुकल्या भाषेत विजेचा प्रभार, खटल्यातला आरोप आणि सेवेचा आकार यांना तीन निराळे शब्द आहेत. दूरध्वनीला त्यांनी ‘सीमी’ म्हटले, जुन्या भाषेत ज्याचा अर्थ धागा. पडद्याला ‘स्क्याउर’, म्हणजे जुन्या घरातली पातळ पापुद्र्याची खिडकी. त्यांना जुन्या पोथ्यांत शोधावे लागले. आपले बरेचसे शब्द अजून काट्यावर, गव्हाणीवर आणि चावडीत बोलले जात आहेत.

साहित्यात मात्र ही सारी मांडणी अपुरी पडते, हे कबूल केले पाहिजे. ‘ऑथेल्लो’त ‘ऑनेस्ट’ हा शब्द कपटी इयागोला सतत चिकटवला जातो, आणि स्त्रीबद्दल बोलताना तोच शब्द शीलाचा अर्थ घेतो. प्रामाणिक आणि शीलवती असे दोन शब्द केले की अर्थ स्पष्ट होतो, पण नाटकाची गाठ सुटते. कारण ज्याला ऑनेस्ट मानले त्याच्या सांगण्यावरून जी ऑनेस्ट होती तिचा जीव जातो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०च्या ‘झुंजारराव’मध्ये या नाटकाला मराठी वेश दिला तेव्हा शब्दापेक्षा प्रसंगावर भर देण्यावाचून गत्यंतर नव्हते. कारखान्याच्या अहवालात अर्थ वेगळे होणे हा लाभ. इथे तोच तोटा. म्हणून पारिभाषिक भाषांतराचा नियम नाटकाला लावू नये, आणि नाटकातल्या हळहळीपायी अहवालही धूसर ठेवू नये.

उताऱ्याचे काम अजून संपलेले नाही. उसाचा रस आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळू लागल्यापासून पोत्यात भरलेल्या साखरेचा उतारा एक आणि वळवलेली साखर धरून काढलेला उतारा दुसरा, असे दोन आकडे झाले आहेत. उसाचा दर ठरताना दुसरा धरायचा असतो. कागदावर त्यांना ‘नेट’ आणि ‘ग्रॉस’ म्हणतात. एकाच क्षेत्रात, एकाच पानावर शेजारी बसलेले हे दोन अर्थ आहेत. भार आणि प्रभार यांच्यासारखेच. निव्वळ उतारा आणि एकूण उतारा हे शब्द मराठीत तयार आहेत. ते शेतकऱ्याच्या बिलावर छापले, तर आपल्या उसातली साखर कुठे गेली हे त्याला स्वतःला वाचता येईल.