रात्र कोणाची?

सन 2024 च्या मार्चांत वसईच्या किल्ल्यांत बिबळ्या दिसला, तेव्हां लोक फार घाबरले. पुढील महिन्यांत वनखात्यानें पिंजरा लावून त्यास धरिलें. स्तोत्र 104 पाहा: तेथें देवानें रात्र वनपशूंस दिली, दिवस मनुष्याच्या कामास, सिंहाचे छावेही आपलें अन्न त्याच्याजवळच मागतात. तर मग तुंगारेश्वराचें रान 2003 सालीं अभयारण्य झालें असतां, तेथें रानडुकरासाठीं तारेचा फास लावणारा कोणाच्या ताटांत हात घालितो? त्या फासांत बिबळ्याही अडकतो. आम्हीं रानाकडेच्या मंडळ्यांस विनंती करितों कीं, शेळ्या सांजेसच कोंडाव्या, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकूं नये (तिच्यावर कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांमागें तो येतो), व फास दिसल्यास, तो भावकीतल्याचा असला तरी, वनरक्षकास कळवावें.