घरी परतण्याची वाट



एस.टी. स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनबाहेर आपल्याला अधूनमधून एखादा माणूस दिसतो. केसांच्या जटा झालेल्या, कपडे फाटलेले, स्वतःशीच बोलणारा. तो कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणालाच ठाऊक नसते. 'वेडा आहे' म्हणून आपण बाजूने निघून जातो. मीही कितीतरी वेळा तसाच पुढे गेलो आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात असाच एक माणूस आहे. त्याला घर नव्हते, अंगावर वस्त्र नव्हते. तो थडग्यांमध्ये राहत असे. लोकांना एकच उपाय सुचला होता, साखळदंडाचा. प्रभू येशूने मात्र त्याला नाव विचारले. पुढे तोच माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन प्रभूच्या पायाशी बसलेला दिसतो. ते कपडे कोणी दिले हे लूक सांगत नाही; पण कोणीतरी दिलेच असतील! त्याला प्रभूबरोबर राहायचे होते. प्रभूने त्याला घरी पाठवले. घरी परतल्याशिवाय त्याचे बरे होणे पूर्ण झाले नसते.

या उताऱ्यावरून मनाचा आजार म्हणजे भूतबाधा, असे मात्र कोणी समजू नये. तो मधुमेहासारखाच आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत.

१९८८ च्या सुमारास मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. त्यांनी त्याला उपचारासाठी नेले. बरा झाल्यावर कळले की तो पदवीधर होता आणि दूर आंध्रात त्याचे घर होते. त्यातूनच 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली. २००६ पासून कर्जत येथे तिचे केंद्र आहे. रस्त्यावरील हजारो रुग्ण तेथून आपापल्या घरी पोहोचले. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या रत्नागिरीतही ब्रिटिश काळापासून मनोरुग्णालय आहे. थट्टामस्करीत आपण त्याचे नाव घेतो, पण आत असलेल्यांची आठवण क्वचितच काढतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, रस्त्यावर भटकणाऱ्या अशा रुग्णाला पोलिसांनी संरक्षण द्यावे, कोठडीत टाकू नये, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा. केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवून घेणेही कायद्याला मान्य नाही.

परंतु कायदा दार उघडू शकतो. दारात उभे राहून 'ये' म्हणणारा माणूस आपल्यातूनच यावा लागतो. पोलीस रुग्णालयापर्यंत नेतील, डॉक्टर औषध देतील, समाजसेवक पत्ता शोधतील. यातला एक हात जरी सुटला, तरी तो माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. घरी आल्यावर गोळ्या वेळेवर कोण देणार? लग्नकार्याला कोण बोलावणार? मिस्साला आपल्या बाकावर त्याला कोण जागा देणार? साखळदंड नको, हातांची साखळी हवी.

तेव्हा या आठवड्यात एवढे करू या. असा कोणी दिसला तर मुलांना दगड मारू देऊ नका. पाणी द्या, नाव विचारा, पोलिसांना कळवा आणि पुढे काय झाले याची चौकशी करा. घरातच कोणी त्रासात असेल तर लपवू नका. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि आपल्या वाडीत कोणी बरा होऊन परतला असेल, तर आज मिस्सानंतर त्याच्या घरी जाऊन या.

हे प्रभो, ज्यांची नावे आम्ही विसरलो त्यांना तू नावाने ओळखतोस. त्यांना घरची वाट दाखव आणि आमच्या घरांची दारे उघड. आमेन.