गाठोडे आणि चिंधी

आपल्या घरांत कुणाचा इंतकाल झाला की त्याचे कपडे धुऊन, घडी घालून गरजूंना दिले जातात. आमची दादी गेली तेव्हाही हेच झाले. चाळिसाव्याच्या आत तिच्या साड्या वाटून झाल्या. सदका झाला, बरेच झाले. पण आज तिच्या अंगावरचा एक धागाही आमच्यापाशी नाही. मग मनात येते, गेलेल्या माणसाच्या कपड्यावर हक्क कुणाचा? आठवणीचा, की थंडीत कुडकुडणाऱ्याचा?

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उलटा रिवाज होता. सुलतान वारला की त्याचे कपडे गाठोड्यात बांधून, नावाची चिठ्ठी लावून खजिन्यात ठेवत. म्हणून उस्मानी सुलतानांचे रेशमी, जरीचे कफ्तान आज तिथल्या संग्रहालयात पाहता येतात. त्यांतून सत्ता दिसते, वैभव दिसते. पण ते रेशीम विणणारा स्वतः काय नेसत होता, हे त्या गाठोड्यांतून कळत नाही.

गरिबाचा कपडा टिकतच नाही. बापाचा सदरा थोरल्याला, थोरल्याचा धाकट्याला. मग ठिगळ, मग गोधडी, शेवटी पोतेरे. ठिगळाची लाज आपल्या दीनमध्ये नाही. हजरत पैगंबर (स.) आपले कपडे स्वतः सांधत. पण झिजून संपलेला कपडा साक्ष देत नाही, आणि गरीब माणूस इतिहासात उघडाच राहतो.

याला एक अपवाद लंडनमध्ये आहे. तिथे 1741 साली सोडलेल्या बालकांसाठी ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ सुरू झाले. आई मूल सोडून जाई तेव्हा कारकून नोंदीच्या कागदाला कापडाचा एक तुकडा टाचणीने लावी. मुलाला नवे नाव मिळे. उद्या आई परत आली तर ओळख पटावी कशी? ती चिंधी हीच खूण. असे सुमारे 5,000 तुकडे आजही जपलेले आहेत. त्यांत फुलाफुलांचे छापील कापडही आहे. गरिबाला रंगांची हौस नसते, या आपल्या समजुतीला ते मूक उत्तर आहे. 1741 ते 1760 या काळात 16,282 मुले दाखल झाली. त्यांपैकी केवळ 152 परत नेली गेली. 1767 मध्ये एका आईने भरतकामाच्या बदामाचा अर्धा तुकडा ठेवला. आठ वर्षांनी, 1775 साली, ती आली आणि मुलाला घेऊन गेली.

बाकीच्या चिंध्या अजून वाटच पाहत आहेत. त्या कुणी हौसेने जमवलेल्या नाहीत. ती आयांची अमानत आहे. पाहणाऱ्यानेही त्या तशाच अदबीने पाहाव्यात.

या चिंध्यांना वाचा फुटली ती एका टाचणीने आणि सोबतच्या नोंदीने. आम्हाला आमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच सापडले. कपडे वाटावेतच, पेटीत कुजणाऱ्या साडीपेक्षा गरजूच्या अंगावरची साडी हजारपट चांगली. पण देण्यापूर्वी पदराची एक पट्टी कापून घ्यावी, वहीत लावावी आणि खाली दोन ओळी लिहाव्यात: ही कुणाची, तिने कोणते कष्ट केले, कोणत्या ईदला ती नेसली. कपडा गरजूचा हक्क आहे. आठवण आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. एक देताना दुसरी हरवू नये.