कृतज्ञता आणि जमाखर्च

‘गरज सरो आणि वैद्य मरो’ ही म्हण आपण निंदेसाठींच वापरतों. ज्यानें संकटांतून तारलें त्यास संकट टळतांच विसरणें हें हलक्या मनाचें लक्षण होय, याविषयीं सहसा कोणी वाद घालीत नाहीं. परंतु वैद्याला रजा देणारा मनुष्य कृतघ्न नसून केवळ तुटपुंज्या मिळकतीचा असला तर? उपकाराची जाणीव त्याच्या मनांत पुरी आहे, पण गांठचा पैसा पुढील दुखण्यासाठीं राखणें त्याला भाग आहे, अशी स्थिति असली तर त्यास दोष द्यावा कीं न द्यावा? प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याच्या विचारासाठीं आम्ही आज एक दूरदेशचें उदाहरण घेणार आहों.

हॉकी म्हटली म्हणजे आपणांस मैदान आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडा व अमेरिका या देशांत मात्र हा शब्द उच्चारतांच गोठविलेल्या पाण्याचें अंगण आणि पात्यांचे बूट घालून त्यावरून धांवणारे खेळाडू डोळ्यांपुढें येतात. तेथील नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक संस्थेंत आज ३२ संघ आहेत. शरद ऋतूंत सुरू झालेला हंगाम सामान्यतः जूनमध्यें स्टॅन्ले चषकाच्या निकालानें संपतो. आणि खेळाडूंचा हंगाम संपला कीं चालकांचा सुरू होतो. कोणास ठेवावें, कोणाचा करार दुसऱ्या संघाच्या हवालीं करावा, कोणास मोकळें सोडावें, याचे निर्णय त्या कांहीं आठवड्यांत व्हावयाचे असतात.

या निर्णयांवर एक कडक बंधन आहे. वेतनाच्या तंट्यापायीं २००४-०५ चा सबंध हंगाम बुडाल्यावर २००५ सालीं मालक व खेळाडू यांच्यांत तडजोड झाली, आणि प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास कमाल मर्यादा ठरली. पहिल्या वर्षीं ती ३ कोटि ९० लक्ष डॉलर होती. श्रीमंत शहरानें सगळे चांगले खेळाडू विकत घेऊं नयेत, लहान शहरालाही चषकाची आशा असावी, हा तिचा हेतु. आणि तो स्तुत्यच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण म्हणतों. येथें सर्वांस एकाच मापाचें अंथरूण दिलें गेलें. परंतु त्याचा एक परिणाम असा कीं, ज्या संघानें तरुण खेळाडू हेरले, घडविले आणि विजयी केले, त्यालाच ते परवडेनासे होतात. यशानें किंमत वाढते, आणि मर्यादा मात्र सर्वांना सारखीच राहते.

शिकागोच्या संघाची गोष्ट घ्यावी. १९६१ नंतर तब्बल ४९ वर्षांनीं, जून २०१० मध्यें, त्यानें चषक जिंकला. पण टेव्झ, केन व कीथ या तिघांचे वाढीव वेतनाचे नवे करार पुढच्याच हंगामापासून सुरू व्हावयाचे होते, आणि त्या हंगामाची मर्यादा होती ५ कोटि ९४ लक्ष. जल्लोषाचा महिना लोटतो न लोटतो तोंच बफलिन व लॅड अटलांटाच्या संघाकडे आणि व्हर्स्टीग टोरांटोकडे रवाना झाले. यांपैकीं बफलिननें चषकासाठींच्या सामन्यांत ११ गोल केले होते. चषकाच्या मार्गावरील सर्व सामन्यांत गोल राखणारा निएमी याची हकीकत तर याहून विलक्षण. त्याच्या वेतनाचा वाद लवादापुढें गेला. लवादानें त्याची योग्यता जाणून २७ लक्ष ५० हजार डॉलर वेतन ठरविलें. आणि संघानें नियमानें मिळालेल्या हक्काचा उपयोग करून तें देण्याचें नाकारलें व त्याला मोकळें केलें. न्याय मिळाला, आणि मिळालेल्या न्यायानेंच जागा गेली!

येथें चालकांचें उत्तर ठरलेलें असतें: ‘आमचे हात नियमानें बांधलेले आहेत.’ आमच्या मतें हें अर्धसत्य होय. कोणीतरी जावें एवढेंच नियम सांगतो. कोणी जावें हें तो सांगत नाहीं. ती निवड मनुष्यच करतो, आणि जेथें निवड आहे तेथें जबाबदारीही आहे.

उलट पक्षीं, ‘ज्यांनीं जिंकून दिलें त्या सर्वांना ठेवणें हेंच कृतज्ञतेचें कर्तव्य,’ असें म्हणणारा प्रेक्षकही पुरता विचार करीत नाहीं. मर्यादा ठरलेली असतां एकास अधिक दिलें कीं तें दुसऱ्याच्या वांट्यांतून जातें. आणि तो दुसरा बहुधा ज्याच्या नांवाचा जयघोष होत नाहीं असा साधा खेळाडू असतो. शेजाऱ्याच्या ताटांतून वाढलेली कृतज्ञता ही कृतज्ञता नव्हे. शिवाय करार संपतांच खेळाडूही अधिक वेतनासाठीं दुसरीकडे जाऊं शकतो, व त्यांत आम्ही गैर मानीत नाहीं. मात्र दोन्ही पक्षांचें नुकसान सारखें नसतें: संघाला दुसरा खेळाडू मिळतो, खेळाडूचीं खेळण्याचीं वर्षें मोजकीं असतात, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोमुलेंही एका दिवसांत परक्या गांवचीं होतात.

जेथें नियमाची सबबही नव्हती असें एक उदाहरण पाहावें. वेतनाची मर्यादा नव्हती त्या काळीं, ९ ऑगस्ट १९८८ रोजीं, एडमंटनच्या संघानें वेन ग्रेट्स्की हा आपला असामान्य खेळाडू आणखी दोघांसह लॉस एंजेलिसला दिला. मोबदल्यांत १ कोटि ५० लक्ष डॉलर, दोन तरुण खेळाडू व पुढील वर्षांतील नव्या खेळाडूंच्या निवडीचे तीन हक्क आले. त्याच वसंतांत ग्रेट्स्कीनें त्या शहराला चौथा चषक मिळवून दिला होता. निरोप घेतांना तो सर्वांसमक्ष रडला. सरकारनें हा व्यवहार अडवावा अशी मागणी कॅनडाच्या पार्लमेंटांतील एका सभासदानें केली. पुढें १९९० मध्यें एडमंटननें त्याच्यावांचूनही चषक जिंकला, शिकागोनेंही २०१३ व २०१५ मध्यें पुन्हां जिंकला. पण यश आलें म्हणून पूर्वींचें कृत्य न्याय्य ठरत नाहीं. फळ हें हिशेबाच्या शहाणपणाची साक्ष देईल. मनाच्या शुद्धतेची नाहीं.

मग देणें तरी काय लागतें? आमच्या मतें कायमची जागा देणें लागत नाहीं. सत्य बोलणें मात्र लागतें. उपकारकर्त्याला निरोप देण्याची पाळी आली कीं मनुष्य आपल्या मनाची टोंचणी शमविण्यासाठीं त्याचे दोष शोधूं लागतो. हें बर्फाच्या अंगणावरच घडतें असें नाहीं. घरखर्च आंखडतांना जुन्या स्वयंपाकीणबाईंना ‘आतां परवडत नाहीं’ असें सांगणें आपल्या जिवावर येतें. त्यापेक्षां त्यांच्या हातची चव गेली असें म्हणणें सोपें वाटतें. पहिल्या बोलण्यांत आपली अडचण आहे, दुसऱ्यांत त्यांची अब्रू जाते. नोकरी गेल्याचें दुःख त्या विसरतील. त्या चवीचा शब्द विसरणार नाहींत. ‘तुमचा गुण उणा नाहीं, आमची थैली उणी आहे,’ हें वेळीं, तोंडावर आणि स्वच्छ सांगणें, हें कोणत्याही मर्यादेच्या आंत बसणारें देणें आहे. त्याला डॉलर पडत नाहींत. म्हणूनच तें न दिल्यास सबब उरत नाहीं.

तेथील एका प्रथेंत आम्हांस हाच अर्थ दिसतो. विजयी संघांतील खेळाडूंचीं नांवें स्टॅन्ले चषकावर कोरलीं जातात. बफलिन, लॅड, व्हर्स्टीग, निएमी हे दुसरीकडे गेले. पण २०१० च्या शिकागोच्या रांगेंतून त्यांचीं नांवें कोणी खरडून काढलीं नाहींत. वेतनाची वही दर वर्षीं मिटावी लागते, आणि ती नीट मिटविणें हें चालकांचें कर्तव्यच आहे. चूक होते ती ही वही मिटतांना दुसरीही मिटली असें समजण्यांत. वैद्याला रजा द्यावी लागली तर द्यावी. परंतु पुढें कोणी विचारलें असतां, ‘त्यांनींच आम्हांस वांचविलें,’ असें म्हणण्याची तयारी असावी. ही तयारी नसेल तर ती म्हण आपल्यासाठींच आहे असें समजावें.