जागा आहे, पण कुणासाठी?

'जागा आहे का?' हा प्रश्न मुंबईकराला जन्मभर पुरतो. गंमत अशी, की उत्तर देणारा कुठे उभा आहे यावर उत्तर ठरतं. फलाटावरच्या माणसाला लोकलचा डबा आतून मोकळा दिसतो. तोच गृहस्थ आत घुसला, की पुढच्या स्टेशनावर 'अहो, जागा कुठंय?' म्हणून ओरडणाऱ्यांत पहिला! हा दृष्टिदोष फक्त माणसांना होतो, असं मी समजत असे. मग आमच्या शाखेत सामायिक ड्राइव्ह आला.

सामायिक ड्राइव्ह म्हणजे संगणकांचं गायरान. एका कोपऱ्यातल्या यंत्रात साऱ्या शाखेच्या फायली, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर 'शिल्लक जागा' म्हणून एक आकडा. एके दिवशी माझ्या पडद्यावर शिल्लक 3 जीबी, शेजारच्या टेबलावर 11, आणि साहेबांच्या केबिनमध्ये 240! एकच ड्राइव्ह, एकच वेळ, तीन आकडे. असं कॅशमध्ये झालं असतं, तर आम्हाला शेवटची लोकलसुद्धा मिळाली नसती.

"ग्रेडप्रमाणे असेल," हेडकॅशियर म्हणाले.

ते बोलले थट्टेनं, पण निघालं खरं. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "काका, प्रत्येकाला कोटा आहे. कोटा लावला, की यंत्र एकूण मोकळी जागा सांगत नाही. तुमच्या वाट्याची तेवढी सांगतं."

मग त्यानं आकडा चुकायची आणखी कारणं ऐकवली. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या पटीत. म्हणून 1 टीबीची डिस्क पडद्यावर 931 जीबी भरते. दूधवाल्याचा लिटर आणि आपल्या पातेल्यातला लिटर, तशातला प्रकार. लिनक्सच्या एक्स्ट पद्धतीत 5 टक्के जागा मूळ मालकासाठी आपोआप राखीव असते. तिथेही व्हीआयपी कोटा आहेच. जुने काही प्रोग्रॅम तर 2147483647 च्या पुढे मोजूच शकत नसत. मोकळी जागा त्याहून वाढली, की आकडा उणे व्हायचा आणि प्रोग्रॅम 'जागा नाही' म्हणून हात वर करायचा. अति संपत्तीनं आलेलं हे दारिद्र्य आम्ही काउंटरवर नेहमी पाहतो.

आता मला सांगा, जागा 240 असताना मला 3 सांगणारं यंत्र खोटं बोलतं का? मी बी.कॉम. माणूस, मला पासबुक आठवतं. खात्यात जमा दिसणारी रक्कम वेगळी आणि काढता येणारी वेगळी. न वटलेला चेक जमा दिसतो, पण त्यावर भाजी येत नाही. दोन्ही आकडे खरे असतात. दोन वेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत. 'किती आहे?' हा गणिताचा प्रश्न. 'माझं किती?' हा नीतीचा.

हे दोन प्रश्न एक झाले, की काय होतं ते गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली लिहून ठेवलंय. सगळ्यांच्या कुरणात प्रत्येक जण आपली आणखी एक गाय सोडतो. दूध त्याचं एकट्याचं, उजाड कुरण सगळ्यांचं. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी दाखवून दिलं, की माणसं एकत्र बसून नियम ठरवतात आणि पाळतातही, तिथे कुरणं पिढ्यान्‌पिढ्या हिरवी राहतात. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या शाखेत मात्र एकत्र बसण्याऐवजी सर्क्युलर निघालं: 'अनावश्यक फायली काढून टाकाव्यात.'

सर्क्युलर वाचून जो तो दुसऱ्याच्या फोल्डरमधल्या अनावश्यक फायली शोधू लागला. काही उडवल्यासुद्धा. तरी जागा तसूभर वाढेना! यंत्र रोज साऱ्या फायलींची 'स्नॅपशॉट' नावाची छबी धरून ठेवतं, आणि जुनी छबी जाईपर्यंत पुसलेल्या फायलीची जागा सुटत नाही. म्हणजे आत्मा गेला तरी सातबाऱ्यावर नाव कायम.

त्या धुमाळीत कुणीतरी एका निवृत्त बाईंचं फोल्डर उडवायला निघालं. "त्या गेल्या, आता कुणाला हवंय?" उघडून पाहिलं, तर आत एक यादी: कोणत्या पेन्शनर आजोबांना जिना चढवत नाही, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी कुणाच्या घरी जायचं, कोणत्या आजींना कमी ऐकू येतं. सगळं मिळून अर्धा एमबीसुद्धा नव्हतं. जागा खाऊन बसली होती ती एका निरोप समारंभाची चित्रफीत. साहेबांच्या भाषणासकट, पाच प्रतींत.

कोटा दुरुस्त करणं त्या मुलाला दहा मिनिटांत जमलं. पण काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे त्याच्या यंत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही ठरवलं. यादी ठेवली, आणि नोव्हेंबरात घरोघरी कुणी जायचं तेही तिच्याखाली लिहिलं.

चित्रफितीच्या चार प्रती गेल्या. पाचवीला हात लावायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. साहेबांच्या 240 मध्ये ती सुखानं नांदते आहे.