योसेफाचे कोठार आणि २०७० साल

इ. स. २०२१ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी राष्ट्रांची परिषद भरली. तीत भारताच्या पंतप्रधानांनी वचन दिले की, २०७० सालापर्यंत आपला देश ‘निव्वळ शून्य’ गाठील. म्हणजे कोळसा, तेल इत्यादी जाळल्याने जो कर्बवायू हवेत साठून पृथ्वीस पांघरुणाप्रमाणे तापवितो, तो जितका सोडला जाईल तितकाच वनादिकांनी परत शोषला जावा. एडवणच्या बांधवांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु समुद्राचे पाणी चढून खारबांधाशी येते, तेव्हा धूर कोणत्या देशाचा हे ते विचारीत नाही.

कोणी पुसेल, ज्या वचनाची मुदत भरेल तेव्हा ते देणारे बहुतेक कबरेत असतील, ते आज कोणास बांधते? प्रश्न योग्य आहे, व त्याचे उत्तर योसेफाच्या चरित्रात सापडते. दुष्काळ येणार हे त्यास कळले होते. पण मिसर देश वाचला तो केवळ भविष्य सांगितल्याने नव्हे, तर सुकाळाच्या प्रत्येक वर्षी पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेविल्याने. दूरच्या वचनाची सत्यता यंदाच्या हिश्श्यावरून कळते. वीज उत्पन्न करण्याच्या एकंदर क्षमतेपैकी निम्मी क्षमता २०३० पर्यंत कोळसा व तेल यांवाचून उभारावी, असे आपल्या देशाने योजिले होते. तो टप्पा २०२५ सालीच गाठला. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि कोठार बांधणे निराळे आणि ते भरणे निराळे. प्रत्यक्ष निघणाऱ्या विजेचा मोठा भाग अद्याप कोळशाचाच आहे.

याच चरित्राचा उत्तरार्ध मात्र आपण उपासनेत क्वचित वाचतो. दुष्काळ वाढला तेव्हा लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग शेते दिली, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. लोक जगले, पण भूमिहीन झाले. याजकांची जमीन तेवढी सुटली, हे आम्हां पाळकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

एडवणच्या उत्तरेस, याच पालघर तालुक्यात, तारापूर आहे. तेथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या चालू झाल्या. त्यांतून कोळशाचा धूर निघत नाही, व देशास अशी वीज पाहिजेच. परंतु त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांच्या लोकांस आपली घरे सोडावी लागली. दिवा दूरच्या शहरी लागला, आणि चूल यांची हलली.

म्हणून आमचे म्हणणे असे की, राष्ट्राची योजना नीतीची आहे की नाही हे दोन प्रश्नांनी पारखावे: यंदाचा हिस्सा कोठारात पडला काय? आणि तो कोणाच्या शेतातून काढला? ज्यांनी धूर थोडा केला त्यांच्यावरच भार घालणे हा न्याय नव्हे. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांशी जसे वागू नये, तसेच शहरांनी खेड्यांशी वागू नये. ग्रामसभेत हे प्रश्न सौम्यतेने, परंतु निर्भयपणे विचारावे. आणि आपल्या वाट्याचे झाड व खारबांध यांची राखण आजच करावी. प्रभू आपणांस तशी बुद्धी व धैर्य देवो.